श्वासनलिकाछेद : केव्हा करावा?



मराठीच्या प्राध्यापकाने शस्त्रक्रियेच्या इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा प्रश्न वैद्यकाइतकाच घराघरांचा आहे. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आप्तांपुढे संमतिपत्र येते. 'गळ्याला भोक पाडावे लागेल' एवढेच शब्द त्यांना ऐकू येतात आणि आता सारे संपले असे वाटते.

ही भीती जुनी आहे व निराधारही नव्हती. १४ डिसेंबर १७९९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांचा घसा सुजून श्वास कोंडला. उपस्थित तीन वैद्यांपैकी सर्वांत तरुण एलिशा डिक यांनी छेद सुचविला. ज्येष्ठांनी तो मानला नाही. त्याच रात्री वॉशिंग्टन निवर्तले. पुढे फ्रान्समध्ये ब्रेतोनो आणि त्रूसो यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांवर हा उपाय केला, तोही अखेरचा म्हणूनच.

छेदाचा अर्थ पालटला तो १९५२ साली, कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत. ब्लेगदाम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वास मंदावलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले होते. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेदातून नळी घालून रबरी पिशवीने हवा दाबली. मुलगी वाचली. पुढे कित्येक महिने सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हातांनी पिशव्या दाबल्या! आजचे अतिदक्षता विभाग याच अनुभवातून उभे राहिले.

मात्र छेदाची मर्यादा भोपाळकरांना समजावून सांगावी लागू नये. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हमीदिया रुग्णालयात लोटलेल्या कित्येकांच्या फुप्फुसांतच पाणी भरले होते. तेथे केवळ वाट मोकळी करून भागणारे नव्हते. प्राणवायू रक्तात मिसळण्याची जागाच विषारी वायूने पोळली होती.

आता मूळ प्रश्न. तोंडावाटे घातलेली नळी स्वरतंतूंमधून जाते. ती सोसण्यासाठी रुग्णाला बहुधा गुंगीत ठेवावे लागते. छेदानंतर गुंगीचे औषध कमी करता येते, तोंडाची निगा सोपी होते. मग तो लवकर का करू नये? ब्रिटनमध्ये ९०९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला पहिल्या चार दिवसांत छेद द्यावयाचा होता, दुसऱ्याला दहा दिवसांनंतर, तोही गरज उरल्यास. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ३०.८ व ३१.५ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. मला अधिक बोलका वाटतो तो दुसरा आकडा : थांबविलेल्या गटात निम्म्याहून कमी रुग्णांना, ४४.९ टक्क्यांनाच, छेद द्यावा लागला. उरलेल्यांपैकी काही दरम्यान दगावले. पण पुष्कळांना यंत्राची गरजच राहिली नाही. कोणाला यंत्र दीर्घकाळ लागेल, हे चौथ्या दिवशी निष्णात डॉक्टरांनाही नेमके सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर 'आणखी काही दिवस पाहू' म्हणाले तर ती चालढकल समजू नये.

जाता जाता शब्दाविषयी. 'ट्रॅकिऑस्टॉमी'तील 'स्टोमा' या ग्रीक शब्दाचा अर्थ मुख. 'भोक' या आपल्या शब्दात जी कायमची इजा ध्वनित होते, ती त्यात नाही. आजार ओसरून नळी काढली, की बहुतेकांचे हे मुख काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप मिटते. मागे गळ्यावर एक लहानसा व्रण राहतो.