पत्त्यांचा कोणता डाव मांडायचा? जिंकणाऱ्याला नाही, हरणाऱ्याला विचारा!

गणपतीतलं जागरण असो, रेल्वेचा लांबचा प्रवास असो की पावसाळ्यातली सुट्टी, कुणीतरी पत्त्यांचा कॅट बाहेर काढतंच. सुरुवातीला सगळे उत्साहात असतात. पंधरा मिनिटांनी मात्र दोघं मोबाइल बघत असतात, घरातलं लहान मूल रुसून बसलेलं असतं आणि उरलेले 'आमच्याकडे असं खेळत नाहीत' यावर वाद घालत असतात. यात दोष बहुतेक वेळा माणसांचा नसतो. त्या मंडळींसाठी निवडलेला डाव चुकलेला असतो.

मग डाव निवडायचा कसा? जिंकणाऱ्याला कुठलाही खेळ आवडतो. त्यामुळे खेळाची खरी परीक्षा हरणाऱ्याकडे होते. जो मागे पडलाय किंवा आजच शिकलाय, त्याच्याकडे शेवटपर्यंत काही करण्यासारखं उरतं का? याच प्रश्नावर आपले नेहमीचे खेळ तपासून पाहूया.

बदाम सात: सगळ्यांना सामावून घेणारा

५२ पानं सगळ्यांमध्ये वाटून टाकायची. ज्याच्याकडे बदामाची सत्ती आहे, तो ती टाकून सुरुवात करतो. पुढच्याने बदामाची छक्की किंवा अठ्ठी लावायची, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती टाकायची. प्रत्येक रंग वर राजापर्यंत आणि खाली एक्क्यापर्यंत वाढत जातो. लावण्यासारखं पान असेल तर लावावंच लागतं, नसेल तर 'पास' म्हणायचं. ज्याची पानं आधी संपतील तो जिंकला.

तीन ते आठ जणांत हा डाव छान रंगतो आणि नियम दोन मिनिटांत सांगून होतात. पानं वाईट आली तरी हातात थोडी ताकद राहते. इस्पिकची छक्की तुमच्याकडे असेल, तर ती पडेपर्यंत इस्पिकची खालची पानं कुणालाच लावता येत नाहीत. दुसरं लावण्यासारखं पान असेपर्यंत तुम्ही छक्की अडवून ठेवू शकता. आजी आणि दहा वर्षांचा नातू एकत्र खेळणार असतील, तर सुरुवात इथूनच करावी.

झब्बू: इथे गणित उलटं

सगळी पानं वाटल्यावर इस्पिकचा एक्का असलेला खेळाडू उतारी करतो. बाकीच्यांनी त्याच रंगाचं पान टाकायचं. सगळ्यांनी रंग पाळला तर ती पानं बाद होतात आणि सर्वांत मोठं पान टाकणारा पुढची उतारी करतो. कुणाकडे तो रंग नसेल, तर तो दुसऱ्या रंगाचं पान टाकून 'झब्बू' देतो. मग तोपर्यंत उतारीच्या रंगाचं सर्वांत मोठं पान ज्याने टाकलंय, त्याला सगळी पानं उचलावी लागतात. शेवटी ज्याच्या हातात पानं उरतात, तो हरला.

या खेळात सुटलेले लोक रिकामे बसतात आणि हरणारा शेवटपर्यंत खेळत राहतो. पण विजेते अनेक आणि हरणारा एकच असल्यामुळे सगळी चिडवाचिडवी त्याच्याच वाट्याला येते. मित्रांच्या कंपूत ती मजा असते. लहान मुलासाठी मात्र तोच रडण्याचा क्षण ठरू शकतो.

चॅलेंज: मागे पडलेल्यालाही संधी

पानं पालथी टाकायची आणि 'तीन राण्या' असं जाहीर करायचं. संशय आला तर कुणीही 'चॅलेंज' म्हणू शकतो. खोटं पकडलं गेलं तर टाकणाऱ्याने सगळा ढीग उचलायचा, खरं निघालं तर चॅलेंज करणाऱ्याने.

ढीग उचलणं ही शिक्षा वाटते, पण त्यात फायदाही दडलेला असतो. जितकी पानं जास्त, तितकी माहिती जास्त. एकाच कॅटमध्ये खेळताना तुमच्याकडे तीन राण्या असतील, तर समोरच्याच्या 'दोन राण्या' खोट्या आहेत हे तुम्हाला लगेच कळतं. म्हणजे मागे पडलेला खेळाडूच इतरांसाठी सर्वांत धोकादायक ठरतो.

मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन: घाई नको

मेंढीकोट चौघांचा. समोरासमोर बसलेले दोघं भिडू आणि प्रत्येकाला १३ पानं. दहाच्या पानाला मेंढी म्हणतात. तीन मेंढ्या मिळवणारी जोडी डाव जिंकते, चारही मिळवल्या की मेंढीकोट. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त, ते जिंकतात. डाव उत्तम आहे, पण नवख्याची चूक भिडूलाही भोवते आणि मग 'ते पान का टाकलंस?' सुरू होतं. म्हणून नव्या माणसाला शांत स्वभावाचा जाणकार भिडू द्या.

पाच-तीन-दोन तिघांचा, ३० पानांचा. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची २८ पानं आणि जोडीला दोन सत्त्या. पहिली पाच पानं बघून पाच हात करणारा हुकूम सांगतो. ठरलेल्यापेक्षा जास्त हात करणारा पुढच्या डावात कमी पडलेल्याचं पान न बघता ओढतो आणि त्याला आपलं नको असलेलं पान देतो. म्हणजे मागे पडलेला आणखी मागे पडू शकतो. तिघंही साधारण सारख्या तयारीचे असतील, तेव्हाच हा खेळ रंगतो.

मोठ्या घोळक्यात काय?

पंधरा जण जमले की 'माफिया' सुचवलं जातं. १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव यांनी हा खेळ तयार केला. खेळ जबरदस्त आहे, पण पहिल्याच रात्री 'मारला' गेलेला खेळाडू पूर्ण डाव नुसता बसून राहतो. त्याला पुढच्या डावाचा सूत्रधार करा किंवा डाव छोटे ठेवा. त्यापेक्षा अंताक्षरी किंवा मूकाभिनयाने चित्रपट ओळखणं सोपं. गट असल्यामुळे कुणीच बाद होत नाही.

भांडण टाळायचं तर

नियमांवरचे वाद बहुधा डाव सुरू झाल्यावर होतात. उनोचंच बघा. +४ वर +४ टाकता येतं, असं अनेक घरांत मानतात. उनोने २०१९ मध्ये समाजमाध्यमावर सांगितलं की अधिकृत नियमात हे बसत नाही. +४ आलं की चार पानं उचलायची आणि पाळी सोडायची. घरचा नियम ठेवायला हरकत नाही, फक्त तो पानं वाटण्याआधी ठरवा.

शिकवतानाही क्रम पाळा. जिंकायचं कसं हे आधी, पाळी आल्यावर काय करायचं हे नंतर, आणि अपवाद ते समोर येतील तेव्हा. पहिला डाव पानं उघडी ठेवून, गुण न मोजता खेळा.

पैसे मध्ये आले की

पैसे लावले की हरणाऱ्याचं नुकसान डाव संपल्यावरही संपत नाही. कायद्याचाही प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं आणि तीन पानांच्या खेळापासून तो वेगळा काढला. ऑनलाइन खेळांबाबत मात्र २०२५ च्या केंद्रीय कायद्याने हा फरक ठेवलेला नाही. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवण्यावर त्यात बंदी आहे.

थोडक्यात

तिघं आणि तिघंही तयार: पाच-तीन-दोन. चौघं आणि भरपूर वेळ: मेंढीकोट. पाच-सहा जण, सगळ्या वयाचे: बदाम सात. मित्रांचा कंपू: झब्बू किंवा चॅलेंज. दहाच्या वर: अंताक्षरी.

आणि निवड बरोबर होती का, हे डाव संपल्यावर कळतं. हरलेला माणूस स्वतःहून पानं पिसायला घेत असेल, तर डाव बरोबर निवडला होता.