माणदेशी गाभण गाईची वैरण

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, महाबळेश्वरात, वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला म्हसवडकडे ५०० मिलिमीटर पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. खिल्लार जनावर घडलं ते या कोरड्या टोकाला: माण, खटाव आणि शेजारच्या सांगलीतल्या आटपाडी-जत भागात. खिल्लारच्या एका प्रकाराला पशुतज्ज्ञ ‘आटपाडी महाल’ म्हणतात. हा महाल औंध संस्थानचा सुटा तुकडा होता.

या गाईकडून दुधाची फार आशा कुणी धरली नाही. तिचं खरं पीक म्हणजे खोंड. पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या जत्रेत उभा राहील असा खोंड हवा, तर कासेतलं दूध त्याच्याच पोटात जायला हवं. कॅनडात मांसासाठी गुरं पाळणारा शेतकरी आणि माणदेशी कुणबी यांच्या गोठ्यांत साम्य शोधायला जाऊ नये, पण हिशेब एकच. गाय दूध विकण्यासाठी नाही, वासरू वाढवण्यासाठी. त्यामुळे व्यायच्या आधी तिच्या पोटात काय गेलं, यावर पुढचं सगळं ठरायचं.

आणि नेमकं तिथेच तिच्या वाट्याला कमी यायचं. दावणीत पहिला मान बैलाचा. शाळूचा कडबा त्याच्यापुढे, पेंड त्याच्या आंबोणात. गाय माळावर कुसळी गवत ओरबाडत फिरायची. पोटातल्या वासराचं बहुतेक वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं, हे विज्ञानाने पुढे मोजून दाखवलं. जाणत्या घरांत मात्र गाय कास करू लागली की तिच्या गव्हाणीत हुलग्या-मटकीचा भुसा आणि करडईची मूठभर पेंड पडायची.

अडचण ऋतूची होती. शाळूची काढणी माघ-फाल्गुनात. पौषात व्यायला झालेल्या गाईला मागच्या वर्षीच्या गंजीवर भागवावं लागे, आणि गेल्या साली पाऊस हुकला असेल तर गंजच नसे. माणदेशातली थंडी कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या हिमथंडीपुढे काहीच नाही. तरी हाडं वर आलेल्या गाईला पहाटेचा गारठा सोसत नाही. त्याच मॅनिटोबात १९७० च्या दशकात गस कोनेफाल नावाच्या पशुपालकाला दिसलं, की वैरण रात्री उशिरा टाकली तर जास्त गाई दिवसाउजेडी वितात. आपल्याकडे रात्रीची वैरण टाकूनच निजायची रीत जुनी आहे, पण ती जनावराच्या भुकेच्या हिशेबाने.

व्यालेल्या गाईची मात्र बाळंतिणीसारखी बडदास्त. शिजवलेली बाजरी, वर गूळ, प्यायला कोमट पाणी. वार पडेपर्यंत कुणीतरी राखणीला बसायचं, पडली की पुरायची, नाहीतर गाय खाते. या सगळ्या शहाणपणात एक समजूत घातक होती: वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही. पहिल्या तास-दोन तासांत चीक पोटात गेला नाही, तर वासराला रोगांशी झुंजायचं बळच मिळत नाही. खरवसाची वाटी शेजारी पोचायची आणि वासरू ताटकळत राहायचं, असं किती गोठ्यांत घडलं असेल!

कडब्याच्या उधळपट्टीवर उतारा याच मुलखात बनला. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सुरुवातीच्या उत्पादनांत लोखंडी नांगराइतकंच कडबा कापायचं यंत्र महत्त्वाचं होतं. १९१० साली औंधच्या राजाने दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. अख्खी धाटं जनावर निवडून खातं, बुडखे तुडवतं. कुट्टी केली की तेवढ्याच कडब्यात जास्त दिवस निघतात.

कृष्णाकाठी ऊस पसरला आणि गव्हाणीतला क्रम उलटला. भिलवडीत १९३९ पासून चितळ्यांची डेअरी होतीच. पुढे सहकारी संघ आले, संकरित गाई आल्या, आणि आधी खायचा मान दुभत्या जनावराकडे गेला. वैरणीला उसाचं वाढं फुकटात मिळू लागलं. पण वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. दोन-तीन लिटर देणाऱ्या खिल्लारीचं त्यात निभावून जातं; वीस लिटरची संकरित गाय वाढ्यावरच ठेवली तर व्याल्यावर दुग्धज्वराने आडवी होण्याची भीती. म्हणून आता आंबोणात खनिज मिश्रण घालतात.

२०१२-१३ च्या दुष्काळात माण, आटपाडी, जतची गुरं चारा छावण्यांत गेली आणि दावणीला उसाच्या कांड्या आल्या. २०१९ मध्ये पुन्हा तेच. गाभण गाई छावणीतच व्यायल्या. माणसाने पोसलेल्या उसावर माळाची गाय जगली, एवढ्यावर तेव्हा समाधान मानावं लागलं.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा खोंडाचं गिऱ्हाईक आटलं. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही ती मान्य केली. त्यानंतर शर्यतीच्या खोंडांचे भाव चढले आणि खिल्लार गाभण राहिली की पेंड आणायला निघणारी घरं या भागात पुन्हा दिसू लागली आहेत.