गाडीचा ऑल्टरनेटर लहान इंजिनाला जोडून बॅटरी कशी चार्ज करायची?

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यात डाळिंबाच्या बागेला एचटीपी पंपाने फवारणी होते आणि त्या पंपाचं छोटं पेट्रोल इंजिन बऱ्याच जणांकडे असतं. तेल्याच्या दिवसांत ते सारखं चालतं, एरवी शेडमध्ये पडून असतं. दुसरीकडे शेतातल्या वस्तीवर रात्रीची लाइट गेली की झटका मशीनची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी उतरते. मग विचार येतोच, की भंगारातून गाडीचा जुना ऑल्टरनेटर आणून याच इंजिनाला जोडला तर?

जमतं. पण नुसता बेल्ट चढवून दोन वायरी जोडल्या तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि ऑल्टरनेटर 'गेलेला' म्हणून परत दुकानात जातो.

गोंधळाचं मूळ नावात आहे. गॅरेजमध्ये याला आजही 'डायनामो' म्हणतात. जुन्या अँबेसेडरला खरंच डायनामो असायचा आणि तो फिरवला की आपल्या आतल्या उरलेल्या चुंबकत्वावर स्वतःच वीज काढू लागायचा. ऑल्टरनेटरचं तसं नसतं. त्याच्या रोटरच्या कॉइलला सुरुवातीला बॅटरीतून थोडा करंट द्यावा लागतो, तेव्हा कुठे तो जागा होतो. गाडीत हे काम डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा करतो. तो नुसता इशारा देणारा दिवा नाही, त्याच्यातूनच हा करंट जातो. आपल्या जोडणीतही तो लागतो.

कोणता ऑल्टरनेटर घ्यायचा

मारुती ८००, ओम्नी किंवा १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरचा, रेग्युलेटर आतच असलेला घ्या. ३५ ते ४५ अँपिअरचा पुरे. ट्रक आणि बसचा दिसायला दणकट असतो, पण तो सहसा २४ व्होल्टचा, आपल्या कामाचा नाही. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत ऑल्टरनेटरला किती चार्ज करायचं हे गाडीचा कॉम्प्युटर सांगतो. तो सुटा आणला तर नीट चालेलच असं नाही.

इंजिन किती ताकदीचं हवं? १४ व्होल्टला ३५ अँपिअर म्हणजे साधारण ५०० वॅट. ऑल्टरनेटर मिळालेल्या ताकदीतली निम्म्याहून थोडी जास्तच विजेत बदलतो, बाकीची उष्णतेत जाते. म्हणजे शाफ्टवर सव्वा ते दीड एचपी खर्च. तीन एचपीचं इंजिन आरामात ओढेल, ग्रास कटरचं इंजिन मात्र लोड येताच बसेल.

पुलीचा हिशोब

ऑल्टरनेटरला वेग लागतो. दोन हजार आरपीएमच्या खाली त्याच्याकडून फारसं काही मिळत नाही, चार-पाच हजारांवर तो खुलतो. त्याची पुली साधारण अडीच इंची असते. पेट्रोल इंजिन २५०० आरपीएमवर चालवायचं असेल तर इंजिनावर पाच इंची पुली लावा, वेग दुप्पट होऊन ५००० मिळतो. १५०० आरपीएमच्या डिझेल पंपसेटला साडेसात इंची लागेल. पुली लेथवर करून घेतली तरी चालते, पण दोन्ही पुल्या एका रेषेत हव्यात, नाहीतर बेल्ट आठवड्यात कापला जातो.

फिरण्याची दिशाही बघा. वीज दोन्ही दिशांनी तयार होते, पण बाहेर वाकड्या पात्यांचा पंखा असेल तर उलट फिरल्यावर हवा नीट ओढत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात, बाहेर ४२ डिग्री असताना, हे महागात पडतं. लहान इंजिनाचा शाफ्ट समोरून पाहिला तर सहसा घड्याळाच्या उलट फिरतो, गाडीतला ऑल्टरनेटर बहुधा सुलट. म्हणून ऑल्टरनेटर इंजिनाच्या शेजारी न बसवता त्याची पुली इंजिनाकडे तोंड करून बसवा, दिशा आपोआप जुळते.

वायरिंग

जाड बोल्टचं टर्मिनल म्हणजे बी प्लस. तिथून बॅटरीच्या प्लसला वायर न्यायची, मध्ये ५० अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या जवळ. ऑल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसला तेवढीच जाड दुसरी वायर. फ्रेमच्या गंजक्या पट्टीवर अर्थिंगसाठी विसंबू नका. वायर १० स्क्वेअर एमएमची घ्या आणि लांबी कमी ठेवा. बारीक वायरीत अर्धा व्होल्ट जरी पडला तरी बॅटरी भरायला जास्त वेळ लागतो.

लहान टर्मिनलवर 'एल' किंवा 'डी प्लस' लिहिलेलं असतं. बॅटरीच्या प्लसपासून आधी स्विच, मग १२ व्होल्ट ३ वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब, आणि तिथून या टर्मिनलला. एलईडी लावू नका, त्यातून पुरेसा करंट जात नाही. बरेच जण अडकतात ते इथेच. 'एस' टर्मिनल असेल तर ते सरळ बॅटरीच्या प्लसला. 'डब्ल्यू' मोकळं सोडा.

प्लस-मायनस दोनदा तपासा. बॅटरी एकदा जरी उलटी लागली तरी आतले डायोड क्षणात जातात.

सुरू करताना बल्बचा स्विच बंद ठेवून इंजिन चालू करा, गरम होऊ द्या, मग स्विच टाका. बल्ब क्षणभर लागून विझला आणि इंजिनाचा आवाज जड झाला की चार्जिंग चालू. लागलेलाच राहिला तर थोडा वेग द्या. तरीही विझत नसेल तर कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर बघा. मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांवरच लावा, १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १४.८ च्या वर गेलं तर लगेच थांबवा.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची नाही, अगदी ठिणगी बघायला सुद्धा. 'चार्जिंग होतंय का' हे असं तपासायची सवय डायनामोच्या काळातली आहे. ऑल्टरनेटरवर तेच केलं तर व्होल्टेज क्षणभर कित्येक पट उसळतं आणि डायोडसोबत इन्व्हर्टरही जळू शकतो. आधी इंजिन बंद, मग स्विच, मग वायर.

पाठीवरच्या फवारणी पंपाची ८ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी याला लावू नका, ती फुगेल. लिथियम बॅटरीही नको. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि तिचं सर्किट मध्येच तोडतं, म्हणजे पुन्हा तेच उसळणं.

बेल्टवर जाळी लावा, पदर-उपरणं अडकायला क्षण लागत नाही. इंजिन बंद खोलीत चालवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून बिडी आणि ठिणगी लांब.

परवडतं का?

रोजच्या वापराला नाही. १०० अँपिअर-तासाची निम्मी उतरलेली बॅटरी भरायला दोन-अडीच तास इंजिन चालतं आणि दीड लिटरच्या आसपास पेट्रोल जातं. म्हणजे पाऊण युनिट विजेला दीडशे रुपये. आपल्याकडच्या उन्हात १०० वॅटचं सोलर पॅनेल निम्म्याहून जास्त काम एका दिवसात फुकट करतं. सलग ढगाळ दिवस आले, किंवा फवारणीसाठी इंजिन तसंही चालणार असलं, तर मात्र ही जोडणी उपयोगी आहे. फवारणी चालू असताना पंपावर जोर किती राहतो ते बघूनच बल्बचा स्विच टाका.