भाटिया, वनराज

(३१ मे १९२७ – ७ मे २०२१). समांतर हिंदी चित्रपट, दूरदर्शन मालिका आणि जाहिरातपट यांचे संगीतकार व पाश्चात्त्य अभिजात संगीताचे भारतीय रचनाकार. ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘तमस’ आणि ‘भारत एक खोज’ या कलाकृतींच्या संगीतासाठी ते विशेष ओळखले जातात.

जन्म मुंबईत, गुजराती कुटुंबात. शालेय शिक्षण न्यू एरा स्कूलमध्ये. बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयात हिंदुस्थानी संगीताची तालीम मिळाली आणि डॉ. माणेक भगत यांच्याकडे पियानोचे शिक्षण झाले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी विषयात एम.ए. (१९४९) केल्यावर ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाले. तेथे हॉवर्ड फर्ग्युसन, ॲलन बुश प्रभृतींकडे त्यांनी रचनाशास्त्राचा अभ्यास केला व १९५४ मध्ये सुवर्णपदक मिळवले. पुढे पॅरिसमध्ये नाद्या बूलान्झे या नामवंत अध्यापिकेचे शिष्यत्व त्यांना लाभले. १९५९ मध्ये ते भारतात परतले. १९६० ते १९६५ या काळात दिल्ली विद्यापीठात ते पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे प्रपाठक होते.

परतल्यावर अर्थार्जनाचा मार्ग मिळाला तो जाहिरातींमध्ये. एका रेशमी साड्यांच्या जाहिरातपटापासून सुरू झालेल्या या कामात त्यांनी हजारो जिंगल रचल्या. लिरिल साबणाची जाहिरात त्यांपैकी सर्वांत गाजलेली. अर्ध्या मिनिटाच्या आत वातावरण उभे करायचे, चाल कानात बसवायची आणि चित्राच्या लांबीबरहुकूम थांबायचे, ही शिस्त त्यांना चित्रपटांतही उपयोगी पडली. जाहिरातक्षेत्रातूनच आलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’पासून (१९७४) त्यांची चित्रपटीय कारकीर्द सुरू झाली. पुढची दोन दशके बेनेगल यांच्या बहुतेक चित्रपटांचे संगीत त्यांचेच होते.

त्या काळच्या हिंदी चित्रपटसृष्टीत संगीतकाराने चाल बांधावी आणि वाद्यवृंदासाठी स्वरलेखन, वाद्यविभागणी अरेंजरने करावी, अशी श्रमविभागणी रूढ होती. हे अरेंजर पुष्कळदा पाश्चात्त्य स्वरलेखनात तयार झालेले गोमंतकीय असत. भाटियांच्या बाबतीत दोन्ही कामे एकाच हाती आली. त्यामुळे पार्श्वसंगीत हे गाण्यांमधली मोकळी जागा भरणारे न राहता पटकथेच्या बांधणीतला एक घटक झाले.

प्रत्येक चित्रपटाचा काळ आणि प्रदेश यांतून संगीताची भाषा शोधणे, ही त्यांची कार्यपद्धती होती. गुजरातमधील दूध सहकारी चळवळीवरील ‘मंथन’मध्ये (१९७६) त्यांनी लोकगीताच्या वळणाचे गीत योजले. ते गाणाऱ्या प्रीती सागर यांना त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि पुढे अमूलच्या जाहिरातीतून ते घरोघरी पोहोचले. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारित ‘भूमिका’मध्ये (१९७७) नायिकेची कारकीर्द अनेक दशके व्यापते, तेव्हा दर टप्प्यावरचे गाणे त्या-त्या काळच्या बोलपटातले वाटणे आवश्यक होते. त्यासाठी वाद्यमेळ, ठेका आणि गाण्याची ढब यांत बदल करत त्यांनी जुन्या सिनेसंगीताची अनेक रूपे नव्याने घडवली. जुन्या वळणासाठी किराणा घराण्याच्या सरस्वती राणे यांचा आवाजही त्यांनी घेतला. ‘जुनून’मध्ये (१९७८) अमीर खुसरोच्या रचना, गोव्यातील कथेवरच्या ‘त्रिकाल’मध्ये (१९८५) पोर्तुगीज वळणाचे सूर आणि ‘सरदारी बेगम’मध्ये (१९९६) ठुमरी–दादऱ्याची मैफल, असा हा पल्ला आहे. ‘सरदारी बेगम’मध्ये आरती अंकलीकर यांनी पार्श्वगायन केले आहे.

बेनेगल यांच्याखेरीज अपर्णा सेन (‘३६ चौरंगी लेन’, १९८१), कुंदन शाह (‘जाने भी दो यारो’, १९८३), कुमार शहानी (‘तरंग’, १९८४) आणि विजया मेहता (‘पेस्तनजी’, १९८८) यांच्या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. नंतरच्या काळात ‘अजूबा’, ‘दामिनी’, ‘घातक’ अशा व्यावसायिक चित्रपटांचे पार्श्वसंगीतही त्यांनी केले.

दूरदर्शनसाठी ‘खानदान’ (१९८५) आणि ‘यात्रा’ (१९८६) यांनंतर आलेल्या दोन कामांनी त्यांचे संगीत देशभर पोहोचवले. भीष्म साहनी यांच्या फाळणीविषयक कादंबरीवरील गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’ची (१९८८) सुरुवातच देवाला घातलेल्या आर्त हाकेने होते, प्रेक्षकाला सावरायला अवधी न देणारी ती हाक हेच त्या मालिकेचे सूत्र ठरते. या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. जवाहरलाल नेहरूंच्या ग्रंथावर बेतलेल्या ‘भारत एक खोज’ या ५३ भागांच्या मालिकेसाठी (१९८८) त्यांनी ऋग्वेदातील नासदीय सूक्त व हिरण्यगर्भ सूक्त निवडले. आधी संस्कृत ऋचांचे पठण, त्यावर वसंत देव यांच्या हिंदी रूपांतराचे समूहगान, अशी शीर्षकसंगीताची रचना आहे. पठणाची मोजक्या स्वरांतली चाल आणि पाश्चात्त्य वृंदगानातून येणारा भरीवपणा यांचा मेळ येथे इतका एकजीव आहे, की भाटियांच्या दुहेरी शिक्षणाचे फलित सर्वांत थोडक्यात दाखवायचे तर हीच रचना पुढे करावी लागते.

चित्रपटबाह्य रचनांत पियानो, तारवाद्ये व वृंदगानासाठीच्या कृती आहेत. ‘रेव्हरी’ ही त्यांची रचना प्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांनी २०१९ मध्ये मुंबईत वाजवली. गिरीश कार्नाड यांच्या नाटकावरील ‘अग्निवर्षा’ या ऑपेरावर त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्याचे पहिले दोन अंक २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सादर झाले. मात्र पाश्चात्त्य वाद्यवृंदांची व जाणत्या श्रोत्यांची भारतात वानवा असल्याने या रचना क्वचितच वाजवल्या गेल्या, आणि ज्या कामाकडे ते चरितार्थासाठी वळले, त्यातूनच त्यांची कीर्ती झाली.

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९८९) व पद्मश्री (२०१२) हे त्यांना मिळालेले अन्य सन्मान. अखेरची वर्षे आजारपणात आणि आर्थिक ओढाताणीत गेली. मुंबई येथे वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.