बेपत्ता खनिजवाहू जहाजे आणि ‘डर्बीशायर’चा वीस वर्षांचा शोध

३० जून १९७९ रोजी गोव्यातील मुरगाव बंदरातून ‘कैरळी’ हे भारतीय मालवाहू जहाज जिबूतीच्या दिशेने निघाले. केरळ सरकारच्या नौवहन महामंडळाच्या मालकीच्या या जहाजावर सुमारे २० हजार टन लोहखनिज होते आणि ते पूर्व जर्मनीतील रोस्टॉक बंदरात उतरवायचे होते. जिबूतीत केवळ इंधन भरण्यासाठी थांबा होता. पावसाळा ऐन भरात होता. ३ जुलैला जहाजाचा बिनतारी संदेश मिळाला, तो अखेरचा ठरला. ८ जुलैच्या सुमारास ते जिबूतीला पोहोचायला हवे होते, पोहोचले नाही. हवाई आणि सागरी शोध सुरू होईपर्यंत जुलैचा मध्य उजाडला. कप्तान, खलाशी आणि इतर मिळून सुमारे ५० माणसांपैकी कोणीही परतले नाही आणि जहाजाचा सांगाडाही अद्याप सापडलेला नाही.

जहाज समुद्रात नाहीसे होणे ही शिडाच्या जहाजांच्या काळातली गोष्ट, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत, आकाशात उपग्रह फिरत असताना आणि जहाजांवर रडार असताना, शेकडो फूट लांबीची पोलादी जहाजे एकही संदेश न पाठवता बुडत होती. डिसेंबर १९७८ मध्ये पश्चिम जर्मनीचे ‘म्युन्शेन’ हे आधुनिक जहाज ब्रेमरहाफेनहून अमेरिकेतील सव्हॅनाकडे जाताना अटलांटिकमध्ये २८ जणांसह नाहीसे झाले. त्याचे संकटाचे तुटक संदेश तरी ऐकू आले होते. नंतर त्याची एक जीवरक्षक होडी सापडली. पाण्यापासून सुमारे २० मीटर उंचीवर टांगलेल्या या होडीच्या आधाराच्या खुंट्या वाकलेल्या होत्या. एवढ्या उंचीवर लाट कशी पोहोचली, या प्रश्नातून पुढे राक्षसी लाटांच्या अभ्यासाला चालना मिळाली.

मात्र या काळातील बेपत्ता जहाजांच्या यादीत एका जातीची जहाजे पुन:पुन्हा दिसतात, ती म्हणजे सुटा माल, विशेषत: लोहखनिज, वाहणारी अवजड जहाजे. नॉर्वेजियन मालकीची ‘बर्गे इस्त्रा’ आणि ‘बर्गे वांगा’ ही जुळी जहाजे एकेका फेरीत दोन लाख टनांहून अधिक माल नेत. जाताना खनिज, येताना तेल, अशी त्यांची रचना होती. डिसेंबर १९७५ च्या अखेरीस ब्राझीलहून जपानकडे निघालेली ‘बर्गे इस्त्रा’ प्रशांत महासागरात स्फोट होऊन बुडाली. तराफ्यावर जवळपास १९ दिवस काढलेले दोन खलाशी एका जपानी मासेमारी नौकेला सापडले, म्हणून तरी स्फोटाची हकिगत जगाला कळली. ऑक्टोबर १९७९ मध्ये ‘बर्गे वांगा’ दक्षिण अटलांटिकमध्ये ४० जणांसह गडप झाली. तिची हकिगत सांगायला कोणीच उरले नाही.

खनिज घातक का, हे समजण्यासाठी त्याचे वजन लक्षात घ्यावे लागते. लोहखनिज इतके जड असते की जहाज त्याच्या वहनक्षमतेच्या मर्यादेपर्यंत भरले तरी त्याच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवण्याच्या प्रचंड कोठारांमध्ये, बरीचशी जागा रिकामीच राहते. धान्य किंवा लाकूड भरलेल्या होल्डमध्ये पाणी शिरले, तर मालच बरीचशी जागा व्यापून बसलेला असतो. खनिजाच्या होल्डमध्ये मात्र हजारो टन पाण्याला मोकळे रान मिळते. दोन होल्डमधील आडवी भिंत एवढा भार पेलू शकली नाही की शेजारचा होल्ड भरतो, मग त्यापुढचा. त्यात माल उतरवणारे यांत्रिक पंजे आणि बुलडोझर आतल्या पोलादी फासळ्यांना ठोकरत असतात. खारे पाणी आणि गंज उरलेले काम करतात. असे जहाज कलते, हेलकावते आणि हळूहळू बुडते असे होत नाही. ते काही मिनिटांत तळाकडे जाते. बिनतारी खोलीपर्यंत पोहोचून हाताने संदेश पाठवण्याच्या त्या काळात ही काही मिनिटे पुरत नसत.

या सगळ्या दुर्घटनांत एकाच जहाजाचे कोडे पूर्णपणे उलगडले. ते जहाज म्हणजे ब्रिटनचे ‘डर्बीशायर’.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील टीसाइडच्या गोदीत ‘स्वान हंटर’ कंपनीने बांधलेले हे जहाज १९७६ मध्ये सेवेत आले. सहा भगिनी जहाजांतील ते शेवटचे. २९४ मीटर लांबी आणि ९१ हजार टनांहून अधिक नोंदणीकृत आकारमान, म्हणजे ‘टायटॅनिक’च्या जवळपास दुप्पट. ११ जुलै १९८० रोजी कॅनडातील सेत-ईल बंदरातून सुमारे १ लाख ५७ हजार टन लोहखनिज घेऊन ते जपानमधील कावासाकीकडे निघाले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून सप्टेंबरच्या सुरुवातीला ते जपानच्या दक्षिणेकडील समुद्रात पोहोचले, तेव्हा ‘ऑर्किड’ नावाचे चक्रीवादळ त्याच्या वाटेवर होते. जहाजावर ४४ माणसे होती : ४२ कर्मचारी आणि त्यांपैकी दोघांच्या पत्नी. वादळामुळे वेग रोखून लाटांना तोंड देत थांबलो आहोत, अशा आशयाचा संदेश ९ सप्टेंबरला मिळाला. त्यानंतर काहीच ऐकू आले नाही. काही दिवसांनी समुद्रावर खालून वर येणारा तेलाचा तवंग दिसला. सुमारे सहा आठवड्यांनी एका जपानी टँकरला एक रिकामी होडी तरंगताना दिसली. तिच्यावर ‘डर्बीशायर’चे नाव होते. ब्रिटनने समुद्रात गमावलेले हे आजवरचे सर्वांत मोठे जहाज आहे. तरीही ब्रिटनमधील वृत्तपत्रांत ही बातमी फार काळ टिकली नाही. प्रवासी जहाज बुडाले असते तर असे झाले नसते.

सांगाडा नाही, साक्षीदार नाही, म्हणून सुरुवातीला सरकारने रीतसर चौकशीच नाकारली. मृतांच्या नातेवाइकांनी संघटना स्थापन करून पाठपुरावा सुरू केला. त्यांच्या हाती एक धागा होता. १९८२ मध्ये ‘टाइन ब्रिज’ या भगिनी जहाजाच्या डेकवर, पुलाच्या म्हणजे नियंत्रणकक्षाच्या इमारतीलगत, तडे गेलेले आढळले होते. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये दुसरे भगिनी जहाज ‘कौलून ब्रिज’ कॅनडाहून स्कॉटलंडकडे जाताना आयर्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांवर आदळून मोडले. त्याच्यावरील माणसे हेलिकॉप्टरने वाचवली गेली, पण त्याच्याही डेकवर त्याच भागात तडे गेल्याचे निष्पन्न झाले. ‘डर्बीशायर’ही तिथेच मोडले असावे, अशी नातेवाइकांची धारणा झाली. या घटनेनंतर चौकशी बसली खरी, परंतु १९८९ च्या अहवालाने निसर्गाच्या शक्तींपुढे जहाजाचा निभाव लागला नसावा, एवढेच म्हटले. म्हणजे दोष कोणाचाच नाही आणि म्हणून दुरुस्त करण्याजोगेही काही नाही.

सरकार थांबले तिथून पुढचे पाऊल आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने उचलले. खलाशांच्या वर्गणीवर चालणाऱ्या या संघटनेने १९९४ मध्ये स्वत:च्या खर्चाने शोधमोहीम काढली आणि जून महिन्यात सुमारे ४ हजार मीटर खोलीवर, म्हणजे ‘टायटॅनिक’पेक्षाही खोल, जहाजाचे अवशेष सापडले. अवशेष म्हणजे एक सांगाडा नव्हेच. जहाजाच्या दुहेरी कवचातील बंद पोकळ्या पाण्याच्या दाबाखाली इतक्या जोराने चिरडल्या गेल्या की जवळपास ३०० मीटरच्या जहाजाचे हजारो तुकडे समुद्रतळावर विखुरले होते. १९९७ आणि १९९८ मध्ये ब्रिटिश सरकार आणि युरोपीय आयोगाच्या पैशाने अमेरिकेतील वुड्स होल संस्थेच्या यंत्रांनी या तुकड्यांची एक लाखाहून अधिक छायाचित्रे टिपली. समुद्रातील अपघाताचा इतका बारकाईने पंचनामा त्यापूर्वी झाला नव्हता.

पंचनाम्याचा पहिला अर्थ मात्र मृतांवरच उलटला. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, दोरखंड ठेवण्याची खोली असते. तिच्या तोंडाचे झाकण जागेवर नव्हते आणि आतून दोर बाहेर आलेला छायाचित्रात दिसत होता. खलाशांनी ते झाकण नीट आवळले नसावे आणि तिथून पाणी शिरले असावे, असे १९९८ च्या तज्ज्ञ अहवालात सूचित करण्यात आले. १८ वर्षे वाट पाहिल्यावर नातेवाइकांच्या पदरी पडले ते हे. त्यांनी हा निष्कर्ष मान्य करण्यास नकार दिला आणि चौकशी पुन्हा उघडली गेली.

न्यायमूर्ती कोलमन यांचा अहवाल नोव्हेंबर २००० मध्ये आला. खलाशांनी हलगर्जीपणा केल्याचा आरोप त्यांनी पूर्णपणे फेटाळला. घटनाक्रम त्यांनी असा मांडला : नाळेवरील हवा खेळती ठेवणारे नळ आणि वायुवाहिन्या लाटांच्या माऱ्याने मोडल्या, त्या तोंडांतून पुढच्या टाक्यांत व खोल्यांत तासन्तास पाणी शिरत राहिले, नाळ थोडीथोडी खाली झुकत गेली. नियंत्रणकक्ष जहाजाच्या मागच्या टोकाला, तिथून पाव किलोमीटर दूर. वादळात तिथून हा फरक दिसणे शक्य नव्हते. झुकलेल्या नाळेवरून येणाऱ्या लाटा मग थेट पहिल्या होल्डच्या झाकणावर कोसळू लागल्या. ते झाकण खचले, होल्ड भरला. पाठोपाठ दुसरे, तिसरे. त्यानंतर कोणालाही काही करण्याइतका वेळ नव्हता.

यातली विचित्र गोष्ट अशी की, तड्यांचा सिद्धांतही न्यायमूर्तींनी नाकारला. नातेवाईक ज्या कारणासाठी इतकी वर्षे भांडत होते, ते खरे नव्हते. पण त्यांच्या भांडण्यामुळेच खरे कारण हाती लागले आणि ते तड्यांपेक्षा अधिक गंभीर निघाले. तडा हा एका गोदीच्या किंवा सहा जहाजांच्या रचनेतील दोष ठरला असता. झाकण मात्र नियमाबरहुकूम होते. १९६६ च्या आंतरराष्ट्रीय भाररेषा करारानुसार होल्डच्या झाकणाने सुमारे पावणेदोन मीटर उंचीच्या पाण्याचा भार सोसावा, एवढीच अपेक्षा होती. वादळात नाळेवरून चढणारी लाट याच्या कितीतरी पट भार टाकते. दोष नियमातच होता आणि तोच नियम पाळून बांधलेली जहाजे जगभर फिरत होती.

दरम्यानच्या काळात त्याची किंमत मोजली जात होतीच. फेब्रुवारी १९८३ मध्ये कोळसा वाहणारे ‘मरीन इलेक्ट्रिक’ हे अमेरिकी जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून दूर बुडाले. ३४ पैकी तिघेच वाचले. त्याची झाकणे गंजून सडलेली होती, तरी तपासणीत पास झाली होती. १९९० आणि १९९१ या दोन वर्षांत मिळून चाळीसहून अधिक सुटा माल वाहणारी जहाजे बुडाली आणि सुमारे अडीचशे माणसे गेली. फेब्रुवारी १९९७ मध्ये नॉर्वेजवळ ‘लेरॉस स्ट्रेंग्थ’ बुडाले, २० पोलिश खलाशांसह.

अखेर नियम बदलले. सागरी सुरक्षिततेच्या ‘सोलास’ करारात अशा जहाजांसाठी स्वतंत्र प्रकरण १९९७ मध्ये मंजूर झाले आणि १ जुलै १९९९ पासून ते लागू झाले. एक होल्ड भरला तरी जहाज तरले पाहिजे, हा त्याचा गाभा. वर्गीकरण संस्थांनी पुढच्या होल्डच्या झाकणांचे निकष १९९८ पासून कडक केले, होल्डमध्ये पाणी शिरताच इशारा देणारी यंत्रे २००४ पासून आली, आणि सुधारित भाररेषा नियम २००५ मध्ये अमलात आले. जहाज बुडताच आपोआप सुटून तरंगणारे आणि उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारे संकटसूचक यंत्र तर १९९३ पासूनच सक्तीचे झाले होते. ‘कैरळी’वर असे यंत्र असते, तर शोध कुठे घ्यायचा एवढे तरी कळले असते.

खनिजाचा धोका मात्र झाकणापुरता नाही. बारीक भुकटीच्या स्वरूपातील लोहखनिज पावसात भिजले की प्रवासातील हादऱ्यांनी ते चिखलासारखे पातळ होते आणि एका बाजूला सरकून जहाज कलंडते. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि पारादीपजवळ ‘ब्लॅक रोज’ ही दोन जहाजे अशीच गेली. लोहखनिजाच्या भुकटीसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय नियम २०१७ पासून सक्तीचे झाले. त्याच वर्षी, ३१ मार्च रोजी, ब्राझीलहून चीनकडे लोहखनिज घेऊन निघालेले ‘स्टेलर डेझी’ हे दक्षिण कोरियाचे जहाज दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाले. ते मुळात तेलवाहू होते, नंतर खनिजासाठी बदललेले. २४ पैकी दोघे फिलिपिनो खलाशी वाचले. तिथेही नातेवाइकांनी सांगाडा शोधण्याचा आग्रह धरला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत तो सापडला. ‘डर्बीशायर’साठी लागलेली १४ वर्षे इथे दोनांवर आली होती.