गुप्तहेराचा संसार



गेल्या खेपेला कुंभिवलीत आलो होतो, तेव्हा मला स्टेशनवर सोडायला आलेल्या मुलाने गाडीत एक प्रश्न विचारला. म्हणाला, "सर, हेरांच्या सिनेमात शेवटी हिरो-हिरॉइनचं जमतं. पण ते पुढे टिकत असेल का हो?" मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. नंतर घरी गेल्यावर लक्षात आलं, की चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून मला याचं उत्तर देता येत नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

सुरुवात तुमच्या ओळखीच्या जागेपासून करू. चौक-कर्जत रस्त्याला नितीन देसाईंनी २००५ साली स्टुडिओ उभा केला. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो आतून पाहिला असेल. समोरून बघावं तर राजवाडा, कमानी, बुरूज. मागे गेलं की बांबू, प्लायवूड आणि दोऱ्या. कॅमेरा जिकडून बघणार तेवढीच भिंत बांधायची, असा तिथला हिशेब. हेरपटातलं प्रेमही असंच बांधलेलं असतं. समोरून ते भव्य दिसतं, पण मागे राहायला खोली नसते. त्या दोघांना कुणी भाजी आणताना पाहिलंय का? विजेचं बिल कोण भरतं यावरून भांडताना?

आता जरा मागे जाऊ. आपल्याकडचं हेरगिरीचं सर्वांत नावाजलेलं नाटक म्हणजे विशाखदत्ताचं 'मुद्राराक्षस'. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८८४ साली त्याची आवृत्ती मुंबईत काढली. सात अंकांचं नाटक, पानोपानी हेर, आणि नायिका नाहीच. संस्कृत नाटकात ही दुर्मीळ गोष्ट. म्हणून सगळे म्हणतात, यात प्रेम नाही. मला तसं वाटत नाही. 'मुद्रा' म्हणजे काय? राक्षस या अमात्याची अंगठी. तो पाटलीपुत्र सोडून निघाला, तेव्हा बायकोने विरहात आधार म्हणून ती त्याच्या हातातून काढून घेतली. ती आणि मूल चंदनदासाच्या घरी लपून राहिले. एक दिवस मूल खोलीबाहेर धावलं, त्याला मागे ओढताना तिच्या बोटातली ती अंगठी गळून पडली. पुरुषाच्या मापाची, सैल असणारच. ती घरंगळत गेली चाणक्याच्या हेराच्या पायाशी. पुढचं सगळं कारस्थान त्या अंगठीच्या शिक्क्यावर उभं राहतं.

म्हणजे बघा, बायको रंगमंचावर एकदाही येत नाही, पण तिच्या मायेची एक वस्तू राक्षसाला अडकवते. हेराच्या धंद्यात प्रेम ही सैल अंगठी असते. ती कुठे गळेल सांगता येत नाही.

सिनेमावाल्यांना हे बरोबर ठाऊक आहे, म्हणून ते ही अडचण फार लवकर निस्तरतात. जेम्स बाँडचा पहिला चित्रपट १९६२ सालचा. १९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये बाँड चक्क लग्न करतो. त्याच दिवशी, हारतुऱ्यांच्या गाडीतच बायकोला गोळी लागते. २००६ च्या 'कॅसिनो रॉयल'मध्ये तो नोकरी सोडायला निघतो, तर वेस्पर पाण्यात बुडते. २०२१ साली त्याला एक मुलगी आहे असं कळतं, आणि मग तो स्वतःच जातो. साठ वर्षांत या माणसाला एक रविवार घरी मिळालेला नाही.

आपल्या हिंदीवाल्यांनी मात्र एक वेगळं धाडस केलं. २०१२ च्या 'एक था टायगर'मध्ये भारताचा हेर आणि पाकिस्तानची हेर दोन्ही खात्यांना तुरी देऊन पळून जातात. पाच वर्षांनी दुसऱ्या भागात ते संसार करताना दिसतात, मुलगाही आहे. बरं वाटतं. पण २०२३ च्या तिसऱ्या भागात काय होतं? शत्रू मुलाच्या जिवावर उठतो, तिच्याकडून काम करून घेतो, आणि ती नवऱ्यापासून ते लपवते. दोघांना एकमेकांचा धंदा संसार मांडण्याआधीच माहीत होता, तरी एक नवं गुपित आल्याबरोबर घर हललं.

आणि 'राझी', २०१८. आपली अमृता खानविलकर त्यात सेहमतची जाऊ झाली आहे. १९७१ च्या युद्धाच्या तोंडावर सेहमत पाकिस्तानी लष्करी घरात सून म्हणून जाते. नवरा इक्बाल भला माणूस आहे. तिचंही मन त्याच्यात गुंततं. मग त्याला कळतं, आणि शेवटी तो भारतीय हेरांनीच घडवलेल्या स्फोटात मरतो. मला त्या सिनेमात एका गोष्टीने फार त्रास दिला. कळल्यानंतर जे थोडे तास इक्बालला मिळतात, त्यात तो काय करत असेल? मागचे सगळे दिवस पुन्हा मोजत असेल. तिने पहिल्यांदा हसून पाहिलं तो दिवस खरा होता का? अब्बांची चौकशी केली ती आपुलकीने, की कागदांसाठी?

हा प्रश्न नुसता सिनेमातला नाही. इंग्लंडमध्ये पोलिसांनी १९६८ साली एक छुपं पथक काढलं. त्यातले पोलीस मेलेल्या मुलांची नावं घेऊन चळवळींत शिरायचे. काहींनी चळवळीतल्या बायकांशी वर्षानुवर्षं संसार केला. एकाला मूलही झालं. मग तो माणूस एक दिवस नाहीसा व्हायचा. २०१० च्या पुढेमागे हे उजेडात आलं. २०१५ साली लंडन पोलिसांनी सात स्त्रियांची जाहीर माफी मागितली.

इथे जरा थांबून विचार करू. नवरा सोडून गेला, तर तो आपलं पुढचं आयुष्य घेऊन जातो. मागचं आपल्यापाशी राहतं. फोटो राहतात, आठवणी राहतात, 'तेव्हा चांगलं होतं' असं म्हणता येतं. पण तो मुळात होताच दुसरा कुणी, हे कळलं, की मागचंही जातं. फोटो तोच असतो, पण त्यात शेजारी कोण उभं आहे ते सांगता येत नाही. ही चोरी फार मोठी आहे. घर टिकणं किंवा मोडणं हे बंदुकीवर ठरत नाही. माझ्या मते ते इथे ठरतं.

म्हणून मी गुपित आणि फसवणूक यांत फरक करतो. 'मला एक गोष्ट माहीत आहे, ती मी तुला सांगू शकत नाही,' हे गुपित. सरकारी गोपनीयतेचा कायदा १९२३ पासून आहेच, आणि पुष्कळ घरं त्याच्यासकट सुखाने चालतात. कपाटाला कुलूप आहे हे बायकोला दिसतं, किल्ली कुणाकडे आहे तेही माहीत असतं. 'घरात कपाटच नाही,' असं सांगणं ही फसवणूक.

आपल्या बाबूराव अर्नाळकरांना हे कुणी शिकवलं नव्हतं. हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस. त्यांचा झुंजार किती वेळा वेष पालटतो, किती वेळा मरता मरता वाचतो! पण त्याची बायको विजया पुस्तकामागून पुस्तक टिकून आहे. कारण ती कटात सामील असते. वेष कोणता, परत कधी यायचं, हे तिला ठाऊक असतं. पुस्तकी विद्वानांनी अर्नाळकरांना नाकं मुरडली, पण बाँडला जे जमलं नाही ते त्यांनी जमवून दाखवलं.

कादंबरी सोडा. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर अरुणा असफ अलींनी झेंडा फडकवला आणि त्या भूमिगत झाल्या. नवरा असफ अली अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत. ही कुठे आहे हे त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. पण ती लपलेली आहे आणि कशासाठी, हे माहीत होतं. १९४६ साली वॉरंट मागे घेतल्यावर त्या उघड झाल्या. पुढे दोघांच्या राजकीय वाटा वेगळ्या झाल्या, त्याही उजेडात. तुमच्या डोक्यावर माथेरान आहे. तिथले भाई कोटवाल विजेचे मनोरे पाडत डोंगरांत फिरले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह पडले. मागे घर होतं. त्या घराने फार सोसलं. पण आपला माणूस कोण होता, हा प्रश्न त्या घराला कधी पडला नाही.

आता एक घरचं सांगतो. माझं लग्न १९७६ सालचं, आणीबाणीतलं. एका भूमिगत मित्राची पत्रकं मी पोचवत असे. मोठी कामगिरी वगैरे काही नाही, पिशवी इकडून तिकडे न्यायची. बायकोला म्हणायचो, ग्रंथालयात जातो. तिच्या जिवाला घोर नको, हे माझं समर्थन. एक दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलेला गठ्ठा तिच्या हाती लागला. आठ दिवस ती काही बोलली नाही. नवव्या दिवशी जेवायला वाढताना म्हणाली, "पोलीस आले असते तर मी काय सांगायचं, हे तुम्ही एकट्यानेच ठरवलंत. मला विचारलं नाहीत." मी म्हणालो, "तुझ्यासाठीच गप्प राहिलो." ती म्हणाली, "मग माझ्यासाठी विचारायचं."

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. ती आता नाही. पण त्या दिवसानंतर पुढची पिशवी कुठे जाणार हे तिला माहीत असायचं. दोनदा तर ती भाजीच्या पिशवीतून स्वतःच घेऊन गेली, आणि माझ्यापेक्षा निर्धास्तपणे.

शेवटी घाटावर जाऊ. 'द फॅमिली मॅन' तुम्ही पाहिलं असेल. मनोज बाजपेयीचा श्रीकांत तिवारी मुंबईत राहतो. घराचं कर्ज, मुलांच्या शाळा, आणि नोकरी दहशतवाद्यांचा माग काढायची. भल्याभल्यांकडून तो कबुली काढतो. त्याची बायको सुचित्रा एकदा सहकाऱ्याबरोबर कामानिमित्त लोणावळ्याला जाते. तिथे काय झालं हे त्याला तेव्हा कळत नाही, आणि पाहणाऱ्यांनाही तेव्हा कळत नाही. लोक हसत एकमेकांना विचारत राहिले, लोणावळ्यात काय झालं? मला त्यात हसू आलं नाही. वर्षानुवर्षं तो तिच्यापासून सगळं लपवत आला. आता तिनेही एक कपाट केलंय, आणि त्याला कुलूप तेवढं दिसतंय.

तेव्हा गाडीतल्या त्या मुलाला माझं उत्तर असं. टिकतं, कधी कधी. पण निदान एवढं सांगितलेलं असावं लागतं, की मी तुला सगळं सांगत नाहीये. कोणत्या भीतीसह जगायचं, हे मग दोघांनी मिळून ठरवता येतं. तो मुलगा आज आलाय का? मागे उभा आहे वाटतं. त्याचं पुढच्या महिन्यात लग्न आहे, असं मघाशी कळलं. त्याने त्या दिवशी मला हे सांगितलं नव्हतं.