रेमो फर्नांडिस: गाणंही स्वतःचं, कव्हरही स्वतःचं

‘जलवा’ (१९८७) आणि ‘हम्मा हम्मा’ (१९९५) या गाण्यांमुळे रेमो फर्नांडिस यांचा आवाज घराघरांत पोहोचला. मात्र १९५३ साली जन्मलेल्या या गोव्याच्या गायकाचं शिक्षण मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुकलेचं झालं. रेषेवरचा तो हात पुढे कॅसेटच्या कव्हरवर उतरला.

१९८४ची ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट त्यांनी शिवोलीच्या घरात पोर्टास्टुडिओवर ध्वनिमुद्रित केली. या छोट्या यंत्रात साध्या कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे भरता येतात: आधी गिटार, ती ऐकत बासरी, मग आवाज. ट्रॅक संपले की आधीचे एकात मिसळून जागा करायची. पण एकदा मिसळलेलं परत सुटं होत नाही, त्यामुळे चूक महागात पडते. सगळी वाद्यं, सगळे आवाज, मिक्सिंग आणि कव्हरही रेमो यांचंच. वितरणसुद्धा! पिवळ्या स्कूटरवरून ते स्वतः दुकानांत कॅसेट पोहोचवत.

चित्रपटांची कामं त्यानंतर आली. तरी स्वतःचे अल्बम थांबले नाहीत. १९८६चा ‘पॅक दॅट स्मॅक’ तर अमली पदार्थांविरुद्ध होता. २००७मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२१मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं.